सोयाबीन विकलं तरी चुटपुट, ठेवलं तरी चुटपुट

औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मार्च २०२१ मध्ये त्यांनी घरातलं सगळं सोयाबीन क्विंटलला साडेपाच हजारांनी घातलं. ऑगस्टमध्ये लातूरच्या मोंढ्यात भाव दहा हजारांच्या घरात गेला. पुढच्या हंगामाचा माल त्यांनी ईर्ष्येने ठेवला. २०२२ च्या उन्हाळ्यात सात हजार मिळत होते तेव्हा दिला नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर पाच हजारांच्या आत द्यावा लागला. तेव्हापासून माल काढायची वेळ आली की पोटात गोळा येतो, झोप लागत नाही. आज घरात चाळीस क्विंटल आहे. वडील म्हणतात ठेव, धाकटा भाऊ म्हणतो मोकळा हो. त्यांना विचारायचं आहे ते हे, की नंतर पश्चात्ताप होणारच नाही असा निर्णय कसा घ्यायचा?

भाऊ, असा निर्णय शोधू नका. २०२२ मध्ये तुम्ही नेमका तोच शोधत होता आणि त्यापायीच क्विंटलमागे दोन हजार गेले.

तुमच्या दोन्ही हंगामांचा हिशेब वेगवेगळा मांडू, कारण तुम्ही तो एकाच पोत्यात भरून ठेवलाय. मार्च २०२१ मध्ये तुम्ही साडेपाच हजार घेतले तेव्हा त्या हंगामाचा हमीभाव ३,८८० होता. म्हणजे हमीभावाच्या वर सोळाशे रुपये. त्या दिवशी जे दिसत होतं त्यावर तो सौदा चोखच होता. पुढे भाव चढला तो जगभर खाद्यतेल आणि पेंड महागल्यामुळे आणि देशात माल कमी उरल्यामुळे. मग त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, ऑक्टोबरला नवा माल आला आणि भाव निम्म्यावर उतरला. दहा हजारांचा भाव किती दिवस टिकला ते आठवा. आणि त्या दिवसांत लातूर-धाराशिवकडच्या सामान्य शेतकऱ्याच्या घरात माल होता कुठे? व्यापाऱ्याकडे होता, साठेबाजाकडे होता.

२०२२ चं प्रकरण वेगळं आहे. हमीभाव ३,९५० असताना सात हजार मिळत होते आणि तुम्ही नाही म्हणालात. का? सात हजार कमी होते म्हणून नव्हे, तर तुमच्या डोक्यात दहा हजार बसले होते म्हणून. सात हजारांना दिलं असतं तर मागच्या वर्षीच्या जखमेवर पुन्हा मीठ पडलं असतं. मानसशास्त्रात याचा रीतसर अभ्यास झालाय. १९९५ मध्ये ओरिट टायकोसिन्स्की, थेन पिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मोठी संधी हुकली की माणूस नंतर आलेली लहान, पण चांगलीच संधीसुद्धा नाकारतो. ती घेतली तर हुकलेली मोठी संधी डोळ्यांपुढे उभी राहते, म्हणून तो तिच्याकडे पाठ फिरवतो. सात हजार सोडले की सहा हजार घेववत नाहीत, सहा सोडले की साडेपाच घेववत नाहीत. शेवटी बँकेचा माणूस दारात येतो तेव्हा मिळेल त्या भावात माल जातो.

म्हणजे पहिला निर्णय चांगला होता आणि चुटपुट लागली. दुसरा चुकला, तो त्या चुटपुटीतून पळताना. पश्चात्ताप मागचं बघून होतो हे सगळ्यांना कळतं. तो होईल या धास्तीने आपण आजच वाकडं पाऊल टाकतो, ते मात्र सहसा ध्यानात येत नाही. अर्थशास्त्रात ही गोष्ट १९८२ मध्ये ग्रॅहम लूम्स आणि रॉबर्ट सग्डेन या दोघांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे डेव्हिड बेल यांनी मांडली. माणूस फक्त किती मिळेल एवढंच मोजत नाही. जे सोडलं त्याचं काय होईल आणि तेव्हा मला कसं वाटेल, हेही तो आधीच धरतो. यात वेडेपणा काही नाही. फक्त तो हिशेब उघडपणे, कागदावर व्हायला हवा.

त्याआधी चुटपुट खरी आहे का ते तपासू. मोंढ्यात वर्षानुवर्षं उभा राहून सांगतो, तिथली निम्मी हळहळ खोट्या तुलनेची असते. एक प्रसंग सांगतो. सौदे आटोपले, एका शेतकऱ्याच्या हातात ४,३५० ची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, पडली. शेजारची रास ४,५६० ला गेली. हा माणूस तिथेच खाली बसला. आडत्याने चहा सांगितला तर घेईना. "एक तास थांबलो असतो तर," एवढंच त्याचं चालू. मी त्याला दोन्ही राशींपाशी नेलं. शेजारचं सोयाबीन मुठीत घेतलं की खुळखुळत होतं, दाताखाली कट्कन तुटत होतं, यंत्रावर ओलावा दहा टक्क्यांच्या आत. याच्या राशीत ओलावा चौदाच्या वर, वर काडीकचरा आणि पावसात भिजलेले डागी दाणे. २१० रुपयांचा फरक तासाचा नव्हता. मळणीनंतर दोन दिवस ताडपत्रीवर ऊन दिलं असतं तर त्यातला बराचसा भरून निघाला असता. ही चुटपुट कामाची आहे, कारण पुढच्या वर्षी तिचं काहीतरी करता येतं. थांबलो असतो तर, ही चुटपुट बिनकामाची.

दुसरी खोटी तुलना मोबाइलवर येते. बाजार समितीच्या भावपत्रकात तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो तो फक्त कमाल. तो भाव कधीकधी दहा-पंधरा कट्ट्यांच्या एकाच निवडक राशीला मिळालेला असतो. तुम्ही आपल्या पट्टीची तुलना त्याच्याशी करता. सर्वसाधारण भावाशी करा. मनाचा निम्मा भार तिथेच उतरेल.

नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिच्यात तुमचा पिनकोड हाच तिकिटाचा नंबर. तुमच्या पिनकोडला बक्षीस लागलं की ज्या शेजाऱ्यांनी तिकीट काढलं त्यांना पैसे मिळतात, आणि तुम्ही काढलं नसेल तर आपलं नेमकं किती गेलं ते तुम्हाला कळतं. साध्या लॉटरीत न काढलेल्या तिकिटाचं काय झालं असतं ते कधीच कळत नाही. मार्सेल झीलेनबर्ग आणि रिक पीटर्स यांनी २००४ मध्ये या दोन्ही लॉटऱ्यांची तुलना केली, तर पिनकोडच्या लॉटरीत लोक पुढच्या पश्चात्तापाच्या भीतीने तिकीट काढायचा विचार करतात असं दिसलं. रोज सकाळी भाव टाकणारा तुमचा ग्रुप हीच ती लॉटरी. माझं सांगणं रोखठोक आहे. माल विकला की त्या पिकाचे भाव बघणं पुढच्या हंगामापर्यंत बंद. ग्रुप म्यूट करा.

आता वडिलांच्या 'ठेव' म्हणण्याकडे येऊ. त्यांना दोष देत नाही. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये लोकांपुढे दोन गुंतवणूकदार ठेवले. एकाकडे 'अ' कंपनीचे शेअर होते, ते बदलून 'ब'चे घ्यावेत असं त्याच्या मनात आलं पण घेतले नाहीत. दुसऱ्याकडे 'ब'चेच होते, ते विकून त्याने 'अ'चे घेतले. पुढे दोघांनाही कळलं की 'ब'चे असते तर १,२०० डॉलर जास्त झाले असते. जास्त वाईट कुणाला वाटेल? शंभरातल्या ९२ जणांनी बदल करणाऱ्याकडे बोट दाखवलं. नुकसान तेवढंच, तरी हात हलवणाऱ्याला ते जास्त लागतं. म्हणून 'राहू दे, बघू' हे सोपं वाटतं, त्यात आपण काही केलंय असं वाटतच नाही. पण माल घरात ठेवणं हासुद्धा रोज सकाळी नव्याने घेतलेला निर्णय आहे. वडिलांना एकच विचारा: कोठी रिकामी असती आणि हातात पावणेदोन लाख रोख असते, तर आजच्या भावाने चाळीस क्विंटल सोयाबीन विकत घेऊन ठेवलं असतं का? बहुतेक जण या प्रश्नावर हसतात. हसले तर उत्तर मिळालं.

पेरणीचंही असंच आहे, फक्त उलट्या अंगाने. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं आणि परभणीचं कृषी विद्यापीठ दर जूनमध्ये सांगतं. तरी मृगाचा एक सडाका आला की शेजाऱ्याचं यंत्र चालू होतं आणि आपला धीर सुटतो. तिथे थांबणाराच वेगळा दिसतो. पुढे उघडीप पडून दुबार पेरणी आली तर 'सगळ्या शिवाराचंच गेलं' म्हणून मन शांत होतं, आणि एकटा थांबला नि पाऊस लागून राहिला तर त्याला वर्षभर ऐकावं लागतं. गाव करी ते राव न करी. गावाबरोबर बुडण्याचा पश्चात्ताप स्वस्त पडतो, एकट्याने बुडण्याचा महाग. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सोयाबीन एवढं का पसरलं याची कारणं पुष्कळ आहेत: कमी दिवसांचं पीक, कमी मजुरी, लगेच पैसा. त्यांत हे एक माझ्या मते दडलेलं कारण आहे. जालन्याला रेशीम कोषांचा बाजार जवळ असूनही रेशीमकिड्यांना लागणाऱ्या तुतीला हात न लावणारा शेतकरी बाजाराला भीत नाही, 'सांगितलं होतं ना' म्हणणाऱ्या चुलत्याला भितो.

इथे अजून एक गोष्ट. ताज्या घटनेत केलेल्या कामाचा पश्चात्ताप जास्त होतो, पण काळ लोटला की पारडं फिरतं आणि न केलेलं खुपू लागतं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात हे दाखवलं. साठी ओलांडलेल्या माणसांशी बोलून बघा. कुठल्या साली तूर कितीला गेली ते त्यांना आठवत नाही. जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मनात असून शेततळं टाळलेले लोक त्याबद्दल आजही बोलतात. पोरीला लातूरला शिकायला ठेवायचं राहिलं, भावाशी बोलणं टाकलं ते तसंच राहिलं, हे बोलतात. तुमची सगळी घालमेल भावाच्या दोनशे-चारशे रुपयांवर खर्च होतेय आणि त्या मोठ्या गोष्टींचा विचारही मनात येत नाहीये, हे मला त्या सोयाबीनपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

असो. चाळीस क्विंटलवर येऊ.

आधी यातला किती माल तुमच्या मर्जीचा आहे ते काढा. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं, हरभऱ्याचं बियाणं-खत, कृषी सेवा केंद्राची उधारी, किराणा. या खर्चापुरता माल आजच द्या आणि त्याचा विचार सोडून द्या. जिथे पर्यायच नव्हता तिथे दुःख होऊ शकतं, पश्चात्तापाला जागा नाही. पाऊस पडला नाही याचा कुणी पश्चात्ताप करतं का? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडत्या भावाने माल घालणारे बहुतेक शेतकरी गरजेपोटी घालतात आणि वर स्वतःलाच मूर्ख म्हणवून घेतात. ते बंद करा.

समजा ही देणी दुसरीकडून भागली आणि चाळीसच्या चाळीस तुमच्या मर्जीचे आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून आजचा भाव ४,४०० धरू. चार महिने ठेवण्याचा खर्च, म्हणजे घट, व्याज, भाडं मिळून क्विंटलला १५० धरू. पुढे भाव चढला तर ५,२००, पडला तर ४,०००. आज सगळं विकलं आणि भाव चढला, तर क्विंटलमागे ६५० हुकले, चाळीसचे २६,०००. सगळं ठेवलं आणि भाव पडला, तर क्विंटलमागे ५५० गेले, म्हणजे २२,०००. निम्मं विकलं, निम्मं ठेवलं, तर चढल्यावर १३,००० ची चुटपुट, पडल्यावर ११,००० ची. काहीही झालं तरी सगळ्यात वाईट फटका निम्म्यावर आला. लिओनार्ड सॅव्हेज या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये सुचवलेली रीत हीच: प्रत्येक पर्यायात जास्तीत जास्त किती हळहळ वाट्याला येईल ते काढा आणि ती जिथे सगळ्यात कमी तो पर्याय घ्या.

यात फसवणूक नको म्हणून दुसरी बाजूही सांगतो. भाव चढायची आणि पडायची शक्यता सारखीच धरली, तर या आकड्यांत सगळा माल ठेवणं सरासरीने दोन हजारांनी फायद्याचं निघतं, निम्मा ठेवणं एक हजाराने. म्हणजे निम्मं-निम्मं करणं फुकट नाही. निवांत झोपेसाठी तुम्ही इथे एक हजार रुपये मोजताय. मला तो सौदा स्वस्त वाटतो. हॅरी मार्कोविट्झ यांना गुंतवणूक कशी विभागावी या सिद्धांतासाठी १९९० चं नोबेल मिळालं. त्यांनीसुद्धा निवृत्तीसाठीचे पैसे गुंतवताना स्वतःचं गणित बाजूला ठेवलं आणि पुढचा पश्चात्ताप कमीत कमी व्हावा म्हणून शेअर आणि रोख्यांत निम्मे-निम्मे टाकले. ते स्वतःच तसं सांगत.

मात्र चाळीसऐवजी चारशे क्विंटल असते आणि डोक्यावर खासगी सावकाराचं कर्ज असतं, तर हे गणित मी सांगितलं नसतं. तिथे व्याजच सगळं खातं. माल मोकळा करून कर्ज फेडणं हाच मार्ग.

राहिलेला माल ठेवताना भाव आत्ताच लिहून ठेवा. वहीत तारीख टाका, त्या दिवशीचा सर्वसाधारण भाव, हमीभाव, आवक कशी आहे, आपण का ठेवतोय, आणि 'इतके मिळाले की देणार, नाही मिळाले तर अमुक तारखेला देणार'. खाली वडिलांची आणि भावाची सही घ्या. हसू येईल, पण घ्या. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की काय काय घडण्याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर तुम्ही काय सांगितलं होतं ते आठवा म्हटलं, तर जे घडलं त्याला आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती असं अनेकांना मनापासून वाटत होतं. घरातही हेच होतं. फेब्रुवारीत भाव चढला की भाऊसुद्धा 'मी म्हणतच होतो ठेवा' म्हणेल आणि त्याला ते खरंच तसं आठवत असेल. वही उघडून दाखवली की वाद संपतो, आणि रात्री स्वतःशी चालणारा वादही पुष्कळ कमी होतो.

पश्चात्ताप अजिबात नकोच, असंही म्हणू नका. मेंदूचा डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेला भाग ज्यांचा निकामी झालाय अशा रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुगारासारख्या खेळात दुसरा पर्याय घेतला असता तर किती मिळालं असतं हे दाखवूनही त्यांना हळहळ वाटत नव्हती, आणि पुढच्या डावात तिचा अंदाज घेऊन ते सावधही होत नव्हते. चुटपुट शिकवते. फक्त ओलाव्याची चुटपुट शिकवते, दहा हजारांची शिकवत नाही.

एक मात्र नीट वाचा. तुम्ही लिहिलंय की माल काढायच्या दिवसांत झोप लागत नाही. ती फक्त त्या दिवसांपुरती असेल तर वरचं सगळं पुरेसं आहे. पण हंगाम संपूनही तेच तेच डोक्यात फिरत असेल, जेवण कमी झालं असेल, माणसात बसावंसं वाटत नसेल, किंवा आपण घरच्यांवर ओझं आहोत असं मनात येत असेल, तर तो विषय सोयाबीनचा राहिला नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आपल्या भागात हे बोलायला लोक लाजतात. लाजू नका.

बाकी, ठेवायचा तो माल घरात ठेवू नका. घरात ठेवला की येणारा-जाणारा 'अजून दिलं नाही का' विचारतो, आणि नड आली की चार कट्टे उचलले जातात. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीमार्फत गोदामात ठेवलेल्या सोयाबीनवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. नेण्याआधी चाळणी मारा आणि ओलावा बाराच्या आत आणा, नाहीतर माल परत घेऊन यावं लागेल. तुमच्या जवळच्या समितीत ही योजना चालू आहे का ते आधी फोन करून विचारा, सगळ्या समित्या ती सारख्याच उत्साहाने राबवत नाहीत. १८० दिवसांची मुदत भरते ती तारीख वहीत विक्रीची शेवटची तारीख म्हणून टाका, म्हणजे 'अजून थोडं थांबू' म्हणायला कुणालाच वाव राहणार नाही, वडिलांनाही.